लीगने किती वाढावं?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



 

विषय अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकरचा आहे. १९९६ साली दहा संघांनिशी सुरू झालेल्या या लीगमध्ये २०२५ साली सॅन डिएगोचा तिसावा संघ उतरला. तीस वर्षांत संघ तिपटीने वाढले आणि अजून किती वाढवायचे, हा प्रश्न तिथे उघडपणे विचारला जातो. युरोपातल्या कोणत्याही मोठ्या लीगमध्ये इतके संघ नाहीत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने १९९५ साली २२ संघांचे २० केले. फ्रान्सने २०२३ साली २० चे १८ केले. जर्मनीची बुंडेसलिगा अनेक दशकं १८ वर स्थिर आहे. जुन्या लीग आखूड होत असताना ही तरुण लीग लांबत चालली आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अमेरिकेच्या हंगामाच्या हिशेबाने एका गुणतालिकेत अठराहून जास्त संघ नसावेत. देशात व्यावसायिक क्लब मात्र कितीही असावेत, जितके शहरांना पेलतील तितके. आणि नवा क्लब घेताना पहिला प्रश्न असा विचारावा, की आजचा मालक उद्या उठून गेला, तर क्लब या शहरात राहील का? या एका प्रश्नावर अमेरिकेतल्या फुटबॉलचा गेल्या अर्ध्या शतकाचा इतिहास तपासून पाहता येतो.

सुरुवात मेजर लीग सॉकरच्या आधीपासून करू. १९६८ साली नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग उभी राहिली ती १७ संघांची. पुढच्याच वर्षी त्यातले पाच उरले. हळूहळू सावरत असतानाच १९७५ साली न्यूयॉर्क कॉसमॉसने पेलेला करारबद्ध केलं आणि सगळं चित्र पालटलं. ऑगस्ट १९७७ मध्ये कॉसमॉसच्या एका बाद फेरीच्या सामन्याला जायंट्स स्टेडियमवर ७७,६९१ प्रेक्षक आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हाच संघ कोलकात्याला आला आणि ईडन गार्डन्सवर मोहन बागानने त्याला २-२ असं बरोबरीत रोखलं. आपल्याकडच्या जुन्या फुटबॉलप्रेमींना तो दिवस अजून आठवतो.

या गर्दीने लीगच्या चालकांचा अंदाज चुकला. १९७७ साली १८ संघ होते, १९७८ साली एका झटक्यात २४ झाले. संघ या शहरातून त्या शहरात फिरू लागले. सॅन अँटोनियोचा संघ होनोलुलूला गेला, तिथे एकच हंगाम खेळला आणि तुल्साला हलला. लास वेगासचा संघही एका हंगामानंतर सॅन डिएगोला गेला. न्यूयॉर्कमधली गर्दी पेलेची होती, तिच्यावरून तुल्साच्या गर्दीचा हिशेब मांडता येत नव्हता. पेले निवृत्त झाला, दूरचित्रवाणीचा करार टिकला नाही, मालक एकेक करून बाहेर पडले. १९८४ च्या शेवटच्या हंगामात नऊ संघ होते आणि त्यानंतर लीगच संपली. पुढची अकरा वर्षं एवढ्या मोठ्या देशात मैदानी फुटबॉलची अव्वल दर्जाची राष्ट्रीय लीग नव्हती.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेला देताना फिफाने व्यावसायिक लीग उभी करण्याची अट घातली होती. विश्वचषकाला ३५ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. तो उच्चांक त्या स्पर्धेच्या नावावर दीर्घकाळ राहिला. त्या लाटेवर मेजर लीग सॉकर उभी राहिली. आधीच्या अनुभवाने सावध झालेल्या या लोकांनी रचनाच वेगळी केली. प्रत्येक संघ स्वतंत्र कंपनी नाही, सगळी लीग मिळून एकच कंपनी. खेळाडूंचे करार लीगशी होतात, पगारावर मर्यादा असते आणि संघ चालवणारा हा लीगचा भागीदार असतो. खेळाडूंनी या रचनेला न्यायालयात आव्हान दिलं, पण ते हरले.

एवढी काळजी घेऊनही सुरुवातीची वर्षं कठीण गेली. पहिल्या पाच वर्षांत सुमारे २५ कोटी डॉलरचा तोटा झाल्याचं सांगितलं जातं. १९९८ साली शिकागो आणि मायामी हे दोन संघ घेतले होते. २००२ च्या जानेवारीत मायामी आणि टँपा बे हे दोन संघ बंद केले आणि लीग पुन्हा दहावर आली. यातलं मायामीचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. २००१ च्या साखळीत मायामी फ्यूजन गुणतालिकेत पहिला होता. पहिला आलेला संघ काही महिन्यांत अस्तित्वात राहिला नाही, कारण त्याला चालवणारा उरला नाही. त्या काळात फिलिप अँशुट्झ, लमार हंट आणि रॉबर्ट क्राफ्ट या तीन मालकांनी लीग तगवून धरली. काही मालकांकडे एकाहून जास्त संघ होते. त्यांनी हात काढून घेतला असता, तर १९८४ ची पुनरावृत्ती झाली असती.

मग लीग वाचली कशी? मला दोन कारणं मोठी वाटतात. पहिलं कारण मैदानाचं. १९९९ साली लमार हंट यांनी कोलंबसमध्ये खास फुटबॉलसाठी स्टेडियम बांधलं. तोपर्यंत हे संघ अमेरिकन फुटबॉलच्या साठ-सत्तर हजारांच्या स्टेडियममध्ये भाड्याने खेळत आणि पंधरा हजार प्रेक्षक आले तरी ते रिकामंच दिसे. स्वतःच्या मैदानावर तेच पंधरा हजार लोक भरगच्च दिसू लागले आणि तिकिटांचं, दुकानांचं उत्पन्न क्लबकडे येऊ लागलं.

दुसरं कारण शहरांचं. २००७ साली टोरांटो आलं, २००९ साली सिअ‍ॅटल, २०११ साली पोर्टलंड आणि व्हँकुव्हर. सिअ‍ॅटलने पहिल्याच हंगामात सरासरी तीस हजारांहून अधिक प्रेक्षक आणले. सिअ‍ॅटल, पोर्टलंड आणि व्हँकुव्हर ही तिन्ही नावं जुन्या लीगमधली, १९७४-७५ सालची. लीग मेली तरी या शहरांतल्या लोकांनी साउंडर्स, टिंबर्स, व्हाइटकॅप्स ही नावं छोट्या लीगमधून जिवंत ठेवली होती. म्हणजे क्लब लीगमध्ये येण्याआधी शहरात होता. लीगने त्याला फक्त वरची जागा दिली. विस्तार यशस्वी झाला तो अशा ठिकाणी, हे मी मुद्दाम सांगतो, कारण मी विस्ताराच्या विरोधात नाही.

विस्ताराने मुलांचं काय भलं होतं, तेही पाहा. अल्फोन्सो डेव्हिसचा जन्म घानामधल्या निर्वासितांच्या छावणीत झाला. त्याचं कुटुंब कॅनडात एडमंटनला आलं. व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सच्या अकादमीत तो चौदाव्या वर्षी दाखल झाला आणि १५ वर्षांचा असताना मेजर लीग सॉकरमध्ये खेळला. २०१८ साली बायर्न म्युनिकने त्याच्याशी करार केला आणि २०२० साली चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या संघात तो होता. शहरात वरच्या दर्जाचा क्लब आला की त्याच्यामागे अकादमी येते, प्रशिक्षक येतात, आसपासच्या मुलांना वाट दिसते. म्हणून जास्त शहरांत क्लब हवेत, यात मला शंका नाही.

शंका आहे ती आज शहरं ज्या पद्धतीने निवडली जातात तिच्याविषयी. टोरांटोने २००७ साली प्रवेशासाठी एक कोटी डॉलर भरले. शार्लटने २०२२ च्या प्रवेशासाठी ३२.५ कोटी भरले. सॅन डिएगोने भरलेला आकडा ५० कोटींचा आहे. ही रक्कम आधीच्या मालकांच्या वाट्याला येते. सरळ भागाकार केला तर २९ जणांना प्रत्येकी सुमारे १.७ कोटी डॉलर. एका संघाला वर्षभरात नफा झाला नसला, तरी नवा भागीदार आला की हिशेबाची वही हसरी होते. पण त्याच वेळी सामायिक उत्पन्नातला प्रत्येकाचा कायमचा हिस्सा एकोणतिसाव्याऐवजी तिसावा होतो. आजची रक्कम एकदाच मिळते, कमी झालेला हिस्सा दरवर्षी कमीच मिळतो. या व्यवहाराला सवकलेली लीग शहराकडे पाहण्याऐवजी अर्जदाराच्या खिशाकडे पाहू लागते, आणि मला भीती वाटते ती याचीच.

रॉचेस्टरची गोष्ट ऐका. न्यूयॉर्क राज्यातलं हे मध्यम आकाराचं शहर. १९९९ साली रॉचेस्टर र‍्हायनोज हा खालच्या विभागातला क्लब यूएस ओपन कप जिंकला. अंतिम सामन्यात त्याने मेजर लीग सॉकरच्या कोलोरॅडो रॅपिड्सला २-० ने हरवलं. त्यानंतर आजवर खालच्या विभागातल्या कोणत्याही क्लबला हा चषक जिंकता आलेला नाही. रॉचेस्टरला वरच्या लीगमध्ये जायचं होतं. २००६ साली त्यांनी फुटबॉलचं स्टेडियमही उभं केलं. पण बोलावणं आलं नाही. मैदानावर जिंकून वर जायची सोयच त्या देशात नव्हती. क्लबची आर्थिक घडी विस्कटत गेली, २०१७ नंतर तो थांबला, २०२२ साली नव्या नावाने पुन्हा उभा राहिला आणि एका हंगामानंतर कायमचा बंद पडला.

सॅक्रामेंटोचं दुःख वेगळ्या प्रकारचं. २०१९ साली या शहराला लीगमध्ये जागा जाहीर झाली. २०२१ साली मुख्य गुंतवणूकदाराने माघार घेतली आणि प्रवेश लांबणीवर पडला. प्रेक्षक तेच होते, क्लब तोच होता, शहर तेच होतं. एक माणूस गेला आणि दार बंद झालं.

आता कोलंबस. ज्या शहरात लीगचं पहिलं स्वतःचं स्टेडियम झालं, त्याच शहरातला क्लब ऑस्टिनला हलवण्याची तयारी २०१७ साली मालकाने जाहीर केली. कोलंबसच्या पाठीराख्यांनी 'सेव्ह द क्रू' ही चळवळ सुरू केली. लोकांचा पैसा घेतलेल्या संघाला शहर सोडण्याआधी स्थानिकांना खरेदीची संधी द्यावी लागते, असा कायदा ओहायो राज्यात होता. त्याच्या आधारे राज्य सरकार आणि शहर न्यायालयात गेलं. २०१८ अखेर स्थानिक गुंतवणूकदार पुढे आले आणि क्लब कोलंबसमध्येच राहिला. २०२० आणि २०२३ साली त्याने विजेतेपद मिळवलं. ऑस्टिनलाही २०२१ मध्ये स्वतःचा वेगळा क्लब मिळाला. दोन्ही शहरांचं भलं झालं, पण ते लीगच्या नियमामुळे झालं नाही. एका राज्याचा जुना कायदा आणि काही हजार हट्टी माणसं यांच्यामुळे झालं. क्लब शहराचा असतो हे तत्त्व लीगच्या घटनेतच लिहिलेलं असतं, तर या माणसांना रस्त्यावर उतरावं लागलं नसतं.

आता तीस या आकड्याचं गणित मांडतो. फुटबॉलच्या लीगचा मूळ न्याय साधा आहे. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या मैदानावर खेळायचं. वीस संघ असले तर प्रत्येकाचे ३८ सामने होतात. तीस असले तर ५८ होतील. इतके सामने कोणत्याही खेळाडूच्या पायांना झेपणारे नाहीत. म्हणून मेजर लीग सॉकर पूर्व आणि पश्चिम अशा पंधरा-पंधराच्या दोन गटांत खेळते. आपल्या गटातल्या चौदांशी दोनदा म्हणजे २८ सामने, आणि दुसऱ्या गटातल्या फक्त सहांशी एकेकदा. एकूण ३४. याचा अर्थ, दुसऱ्या गटातले नऊ संघ साखळीत तुमच्या वाट्याला येतच नाहीत. त्यानंतर तीसपैकी अठरा संघ पुढच्या फेरीत जातात. निम्म्याहून जास्त संघ पुढे जाणार असतील, तर मार्चमधल्या सामन्याला किती किंमत उरते? आणि तळाला राहणाऱ्या संघाला कसलीच भीती नसेल, तर ऑक्टोबरमध्ये त्याने जीव तोडून का खेळावं?

याच हिशेबातून अठराचा आकडा येतो. अठरा संघ परस्परांशी दोनदा खेळले की प्रत्येकाचे बरोबर ३४ सामने होतात. म्हणजे आजच्या लांबीच्या हंगामातच पूर्ण, न्याय्य साखळी बसते. माझी सूचना अशी, की लीगने ३६ क्लबांपर्यंत जरूर जावं, पण अठरा-अठराच्या दोन विभागांत. दरवर्षी खालच्यातले पहिले काही वर जावेत, वरच्यातले शेवटचे काही खाली यावेत. पंगतीत बसायला जागा पुरत नसेल तर आपण दुसरी पंगत मांडतो, पानं एकमेकांवर ठेवत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो मालकांचा, आणि तो खोटा नाही. पन्नास कोटी डॉलर भरून आलेला माणूस म्हणेल, मला दुसऱ्या विभागात ढकललंत तर माझ्या पैशाचं काय? उत्तर असं, की लीग मुळात एकच कंपनी आहे. दूरचित्रवाणीचं आणि प्रायोजकांचं सामायिक उत्पन्न दोन्ही विभागांत दीर्घकाळ समान वाटता येईल. खाली जाणाऱ्याला अपमान आणि धडपड वाट्याला येईल, दिवाळं नाही. इतर देशांतल्या क्लबांना हा आधार मिळत नाही, अमेरिकेच्या रचनेत तो तयारच आहे.

दुसरा आक्षेप अंतराचा. व्हँकुव्हर ते मायामी हे हवाई अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर आहे. काश्मीर ते कन्याकुमारी ही भारताची लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. भौगोलिक गट मोडले तर प्रवास वाढेल, खर्च वाढेल, खेळाडू थकतील, हे मी मान्य करतो. पण लांबचे सहा प्रवास वाचवण्यासाठी लीगने सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचा न्याय सोडून द्यावा, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: 'अमेरिकेत हे चालत नाही.' त्यांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये ३२ संघ आहेत, बास्केटबॉल आणि बेसबॉलमध्ये प्रत्येकी ३०, कुठेच बढती-घसरण नाही. पण त्या खेळांमध्ये जगातले सर्वोत्तम खेळाडू आपोआप अमेरिकेत येतात. फुटबॉलमध्ये त्यांची स्पर्धा माद्रिद आणि म्युनिकशी आहे. २०२३ मध्ये मेस्सी इंटर मायामीत आला. फ्यूजनचं जुनं स्टेडियम पाडून त्याच जागी उभारलेल्या मैदानावर तो खेळू लागला. त्याच्यामुळे जगभर ही लीग पाहिली गेली. पेलेमुळेही पाहिली गेली होती. मोठा खेळाडू येतो आणि जातो. त्यामागे लीग उभी राहायची असेल तर प्रत्येक सामन्याला काही अर्थ असावा लागतो. आणि तिथेही वारा बदलतो आहे. खालच्या स्तरावर लीग चालवणाऱ्या युनायटेड सॉकर लीगच्या क्लबमालकांनी २०२५ साली बढती-घसरणीच्या बाजूने मत दिलं आहे.

बंद लीग म्हणून सुरू होऊन दार उघडलेल्या देशाचं उदाहरण हवं असेल तर जपान पाहा. जे-लीग १९९३ साली दहा क्लबांनी सुरू झाली. मेजर लीग सॉकरइतक्याच. कंपन्यांचे संघ होते, पण क्लबच्या नावात कंपनी नको, गावाचं नाव हवं, हा नियम पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची यांनी धरून ठेवला. १९९९ साली दुसरा विभाग आला, २०१४ साली तिसरा. २०२४ पासून वीस-वीसचे तीन विभाग, एकूण साठ क्लब आहेत. १९९८ साली प्रायोजकाने हात काढल्यावर योकोहामा फ्लूगेल्स हा क्लब शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन करायचं ठरलं. फ्लूगेल्सच्या पाठीराख्यांना ते मान्य नव्हतं. त्यांनी पैसे जमवून योकोहामा एफसी हा नवा क्लब स्थापन केला, खालून सुरुवात केली आणि २००७ साली तो पहिल्या विभागात खेळला. मालक गेला, क्लबचं नाव गेलं, पण शहरातली माणसं होती आणि वर जायची वाट होती. रॉचेस्टरच्या माणसांकडे जिद्द कमी नव्हती, त्यांना वाट नव्हती.

आता थोडं आपल्याकडे. इंडियन सुपर लीगने २०१४ साली अमेरिकेसारखाच बंद दाराचा नमुना घेतला, आठ संघांचा. त्यात पुणे सिटी होता, बालेवाडीत खेळायचा. २०१९ साली तो बंद झाला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबाद २०२२ साली विजेता ठरला, पुढे आर्थिक अडचणीत सापडला आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. त्याआधी आय-लीग या देशातल्या जुन्या लीगमध्ये २०१२-१३ साली दुसरा आलेला पुणे एफसीही २०१५ साली थांबला होता. माझा प्रश्न पुण्याला लावून पाहा. मालक गेला तेव्हा शहरात काय उरलं?

आणि तोच प्रश्न कोल्हापूरला लावून पाहा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, हे सगळे संघ पेठांचे आहेत, तालमींचे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी होते, ती कुणी जाहिरात करून आणलेली नाही. त्यांना निघून जाणारा मालकच नाही. पैसा नाही, सोयी नाहीत, देशाच्या वरच्या लीगपर्यंत सरळ वाट नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या संघ आहेत. २०२३ साली पंजाब एफसी आय-लीग जिंकून वर आला आणि पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंग, तेव्हा आपल्या बंद लीगचं दार थोडं उघडलं. ते पूर्ण उघडून खालच्या स्तरांपर्यंत न्यायला हवं.

म्हणून अमेरिकेला मी जे सांगेन, तेच आपल्याला सांगेन. नवा क्लब घेण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. शहराशी बांधलेलं मैदान, किमान दहा वर्षांचं. बारा-चौदा वर्षांच्या मुलांपासून सुरू होणारी अकादमी, जिचा खर्च मालक बदलला तरी थांबणार नाही. आणि क्लब हलवायचा झाल्यास आधी स्थानिकांना विकत घेण्याची संधी. हे तीन कागद असतील तर शहर लहान असलं तरी चालेल, अर्जदार सर्वांत श्रीमंत नसला तरी चालेल. हे नसतील तर पन्नास कोटींचा धनादेशही परत करावा.

लीग किती मोठी व्हावी, याचं उत्तर माझ्या मते असं आहे. वरची गुणतालिका छोटी आणि कठोर असावी, आणि तिच्यापर्यंत पोचायची वाट देशातल्या कोणत्याही गावातून निघावी. ज्या दिवशी रॉचेस्टरसारखं शहर सामने जिंकून वर येऊ शकेल, त्या दिवशी मेजर लीग सॉकर खऱ्या अर्थाने वाढली असं मी म्हणेन. आपल्या लीगलाही मी हीच कसोटी लावेन.